स्थावरदलाली व तिची नोंदणी : दिघी परिसर

स्थावर मिळकतीच्या खरेदी-विक्रीत दोन्ही पक्षांची गाठ घालून देऊन त्याबद्दल मोबदला घेणाऱ्या व्यक्तीस स्थावरदलाल किंवा स्थावर अभिकर्ता म्हणतात. महाराष्ट्रात हा व्यवसाय जुना असला, तरी त्यासाठी नोंदणी आवश्यक ठरली ती २०१७ मध्ये आणि तीही मर्यादित क्षेत्रापुरती. रायगड जिल्ह्यातील दिघी परिसराच्या संदर्भात ही मर्यादा स्पष्टपणे दिसून येते.

दिघी हे श्रीवर्धन तालुक्यात राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेले बंदर आहे. पूर्वी हा मुलूख जंजिरा संस्थानात मोडत असे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली व १९४८ च्या कूळकायद्यातील तरतुदींनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळांना मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. पुढे वारसाहक्काने या जमिनींचे अनेक हिस्सेदार झाले आणि त्यांपैकी कित्येक उपजीविकेसाठी मुंबईत स्थायिक झाले. सातबारा हा मुख्यतः महसुली अभिलेख आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमान्वये नोंद होते ती दस्तऐवजाची. विक्रेत्याच्या मालकीची हमी त्यातून मिळत नाही. साहजिकच वहिवाट, बांध व हिस्सेदार यांची माहिती असलेल्या स्थानिक मध्यस्थास महत्त्व आले.

अशा मध्यस्थाचे दायित्व १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमात सांगितले आहे. मालकाला अंधारात ठेवून अभिकर्त्याने स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातील लाभ मालकास मागता येतो. मात्र व्यवसायात शिरण्यासाठी पात्रता वा अनुज्ञप्ती यांची अट या अधिनियमात नव्हती. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजारक्षेत्रातील अडत्या व दलाल यांना अनुज्ञप्ती बंधनकारक केली. म्हणजे शेतातील माल विकून देणाऱ्यास अनुज्ञप्ती लागे, शेत विकून देणाऱ्यास ती लागत नसे. अन्य देशांत याविषयी निरनिराळे मार्ग अनुसरले गेले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९१७ मध्ये अनुज्ञप्तीचा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९१९ मध्ये नवा कायदा करण्यात आला. ब्रिटनने १९७९ च्या कायद्यात अनुज्ञप्तीऐवजी अपात्र व्यक्तींना व्यवसायातून दूर करण्याची तरतूद केली.

भारतात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ९ ने अभिकर्त्यांची नोंदणी अनिवार्य केली. १ मे २०१७ पासून हे कलम अंमलात आले. महाराष्ट्रात नोंदणीचे काम ‘महारेरा’ या प्राधिकरणाकडे आहे. राज्याच्या २०१७ च्या नियमांनुसार नोंदणीची मुदत पाच वर्षांची असून व्यक्तीसाठी १०,००० रुपये व संस्थेसाठी १,००,००० रुपये शुल्क ठरविण्यात आले. विनानोंदणी व्यवसाय करणाऱ्यास कलम ६२ अन्वये प्रतिदिनी १०,००० रुपये दंड होऊ शकतो. त्याची कमाल मर्यादा संबंधित मिळकतीच्या किंमतीच्या पाच टक्के आहे. प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षण व परीक्षा यांची अट घातली. पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली.

तथापि कलम ९ लागू होते ते प्रवर्तकाकडून विकल्या जाणाऱ्या, नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंडांना व सदनिकांना. शेतकऱ्याने आपली शेतजमीन दुसऱ्यास विकली, तर तो व्यवहार या व्याख्येत बसत नाही. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे आले व २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या बारा औद्योगिक नगरांत दिघीचा समावेश झाला. अशा प्रकल्पांच्या परिसरात भाववाढीच्या अपेक्षेने शेतजमिनी हातोहात विकल्या जाण्याचा संभव असतो. बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकण्यावर कूळकायद्याच्या कलम ६३ चे निर्बंध आहेत. परंतु ते खरेदीदाराविषयीचे आहेत, मध्यस्थाविषयीचे नव्हेत. एकच इसम प्रवर्तकाचे भूखंड विकतो, तेव्हा त्यास नोंदणी व परीक्षा आवश्यक असते. तीच जमीन आधी शेतकऱ्याकडून मिळवून देताना त्याला यांपैकी काहीही लागत नाही. परिणामी नोंदणीचे संरक्षण भूखंड घेणाऱ्यास लाभते, मूळ जमीनधारकास लाभत नाही. फसवणूक झाल्यास त्याला दिवाणी दावा किंवा फौजदारी तक्रार यांवरच विसंबावे लागते आणि बोलणी तोंडी झाली असल्यास पुराव्याचा भार त्याच्यावरच पडतो. दलालाशी लेखी करार करणे, सर्व हिस्सेदारांची संमती घेणे आणि मोबदला थेट स्वतःच्या बँक खात्यात स्वीकारणे, ही दक्षता म्हणूनच त्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.