रुग्णाचा अनुभव कोण मोजणार? न्यूझीलंड आणि कॅनडातील आदिवासींचा आग्रह

सप्टेंबर २००८ मध्ये कॅनडातील विनिपेग शहरात ब्रायन सिंक्लेअर हे ४५ वर्षांचे आदिवासी गृहस्थ एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात चाकाच्या खुर्चीवर ३४ तास बसून होते. मूत्राशयाचा संसर्ग झाला होता, उपचाराने बरा होणारा. कर्मचाऱ्यांपैकी कुणाला वाटले हा दारू प्यालेला आहे, कुणाला वाटले आसऱ्याला आलेला बेघर आहे. त्या खुर्चीतच त्यांचा मृत्यू झाला. रुग्ण म्हणून त्यांची नोंदच झाली नव्हती. म्हणजे रुग्णालयाने रुग्णांच्या समाधानाचे कितीही काटेकोर सर्वेक्षण केले असते, तरी सिंक्लेअर त्यात आले नसते. घरी सोडलेल्या रुग्णांनाच प्रश्नावली जाते.

(मूळ रहिवासी समाजांसाठी आम्ही येथे 'आदिवासी' हाच शब्द वापरत आहोत. 'मूलनिवासी' या शब्दाला आपल्याकडे वेगळा राजकीय अर्थ आहे.)

'सांस्कृतिक सुरक्षितता' ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी परिचारिकांनी मांडली. १९८८ मध्ये क्राइस्टचर्च येथील सभेत एका माओरी विद्यार्थिनीने विचारले, की कायदेशीर, नैतिक आणि वैद्यकीय सुरक्षिततेबद्दल तुम्ही बोलता, पण आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने या प्रश्नातून पुढे पूर्ण विचार उभा केला आणि १९९२ मध्ये तेथील नर्सिंग कौन्सिलने तो अभ्यासक्रमात घेतला. त्यावर वृत्तपत्रांतून आणि राजकारण्यांकडून बरीच टीकाही झाली. रॅम्सडेन यांचे म्हणणे असे, की रुग्णाच्या चालीरीती पाठ करणे म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता नव्हे. परिचारिकेने स्वतःची सत्ता आणि स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत. आणि सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवावे, देणाऱ्याने नाही.

हा शेवटचा मुद्दा मान्य केला की मोजमापाची सगळी पद्धत बदलावी लागते. नेहमीची प्रश्नावली विचारते: खाट स्वच्छ होती का? डॉक्टरांनी समजावून सांगितले का? माओरी रीतीत डोके पवित्र मानतात, म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली घेत नाहीत. खाट स्वच्छ असूनही ही उशी अदलाबदल झाली तर त्या रुग्णाचा अपमान होतो, आणि प्रश्नावलीत मात्र 'उत्तम' अशी नोंद जाते. माओरी भाषेत 'फेनुआ' या एकाच शब्दाचा अर्थ जमीन आणि वार असा दोन्ही होतो. बाळंतपणानंतर वार कुटुंबाकडे देऊन ती जमिनीत पुरण्याची रीत आहे. ती परत मिळाली का, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही.

तेव्हा आदिवासी नेतृत्व म्हणजे छापून झालेल्या प्रश्नावलीवर मत विचारणे नव्हे. काय विचारायचे, कोणत्या भाषेत, कुणी विचारायचे, उत्तरे कुणाकडे राहणार, हे समाजाने ठरवायचे. कॅनडातील फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये माहितीबाबत चार हक्क मांडले: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. लहान वस्तीत नाव झाकले तरी माणूस ओळखू येतो, म्हणून ताब्याचा मुद्दा किरकोळ नाही.

थेट विचारले की काय बाहेर येते, ते ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील २०२० च्या चौकशीत दिसले. सर्वेक्षणात भाग घेतलेल्या आदिवासींपैकी ८४ टक्के लोकांनी आरोग्यसेवेत भेदभाव सोसल्याचे सांगितले.

आपल्या वाचकांना येथे बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आठवेल. काठियावाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला डॉक्टरने हात लावला नाही. थर्मामीटर आधी एका मुस्लिमाच्या हाती, मग नवऱ्याच्या, मग तिच्या, आणि त्याच वाटेने परत. ती दगावली. त्या नवऱ्याने १९२९ मध्ये पत्र लिहून हे सांगितले म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे. दवाखान्याच्या वहीत फार तर न्यूमोनिया लिहिला गेला असता.

२८ सप्टेंबर २०२० रोजी क्युबेक प्रांतातील जॉयस एचाक्वान या आतिकामेक्व समाजाच्या ३७ वर्षांच्या आईने तेच केले, फोनवरून. रुग्णालयाच्या खाटेवरून त्यांनी थेट प्रक्षेपण सुरू केले आणि कर्मचाऱ्यांचे हिणवणारे शब्द जगाने ऐकले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वंशवाद आणि पूर्वग्रह यांचा या मृत्यूत वाटा होता, असा निष्कर्ष अधिकृत चौकशीने २०२१ मध्ये काढला. आतिकामेक्वांनी 'जॉयसचे तत्त्व' नावाचा मागणीपत्राचा मसुदा दिला. संस्थात्मक वंशवादाचा उल्लेख नको म्हणून प्रांत सरकारने तो स्वीकारला नाही. पुढे २०२४ मध्ये सरकारने सांस्कृतिक सुरक्षिततेचा कायदा केला. तो आमच्यासोबत बसून तयार केलेला नाही, अशी फर्स्ट नेशन्सच्या नेत्यांची तक्रार आहे.