बदललेलं इंजिन, मागे जड ट्रॉली आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: त्याच्या संगणकाला काय काय शिकवावं लागतं?

गळीत हंगाम सुरू झाला की जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, वडीगोद्री, अंतरवाली सराटी, शहागड या पट्ट्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पैठणच्या नाथसागराचा डावा कालवा आणि गोदावरी यांच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहतो आणि अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांकडे जातो. बऱ्याचदा एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. चढ दिसला की चालक आधीच खालचा गिअर टाकतो. इंजिनाचा आवाज बसायला लागला की वेग सोडतो, पण इंजिनाला दम खाऊ देत नाही. उताराला तो गाडी न्यूट्रलमध्ये सोडत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत हेच सगळे निर्णय एक छोटा संगणक घेतो. त्याला 'ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल' किंवा नुसतं 'टीसीएम' म्हणतात. त्याला कान नाहीत. कारखान्यात एका विशिष्ट इंजिनासाठी भरून दिलेले तक्ते आणि सेन्सरकडून येणारे आकडे एवढंच त्याच्याकडे असतं. गाडीतलं इंजिनच बदललं तर ते तक्ते चुकीचे ठरतात. अशा गाडीने जड ओझं ओढायचं असेल तर कोणती सेटिंग का बदलावी लागते, ते समजून घेऊ.

ओझं ओढायला ताकद लागते की गिअर?

दोन्ही लागतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. समजा, ट्रॅक्टर आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या यांचं मिळून वजन २० टन आहे आणि रस्त्याला दर १०० मीटरला ५ मीटरचा चढ आहे. चढामुळे मागे खेचणारा जोर सुमारे १,००० किलो होतो. टायर आणि रस्ता यांच्या अडथळ्याचा जोर वजनाच्या २ टक्के धरला तर आणखी ४०० किलो. म्हणजे चाकांनी १,४०० किलोचा जोर लावला तरच गाडी सरकेल.

हा जोर ताशी १० किलोमीटर वेगाने लावायचा तर चाकांपाशी सुमारे ५२ अश्वशक्ती लागते. ताशी २० किलोमीटरला ती दुप्पट, म्हणजे १०४ होते. म्हणून ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टरही हे ओझं ओढू शकतो, फक्त ताशी १० पेक्षा कमी वेगाने. खालचा गिअर चाकांवरचा जोर वाढवतो आणि त्याची किंमत वेगातून वसूल करतो. अश्वशक्ती वेग ठरवते आणि गिअर जोर ठरवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सगळी जुळवणी याच हिशोबाभोवती फिरते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये काय चालतं?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाने फिरतो. गाडी जागची हलताना कन्व्हर्टर इंजिनाचा जोर जवळपास दुपटीपर्यंत वाढवू शकतो. पण दोन पंख्यांच्या वेगात फरक असेल तोवर तेल घुसळलं जातं आणि तापतं. हा फरक संपवण्यासाठी कन्व्हर्टरच्या आतच एक 'लॉक-अप क्लच' असतो. तो लागला की दोन्ही बाजू एकजीव फिरतात.

पुढे गिअर बदलण्यासाठी क्लच प्लेटचे संच असतात. त्या प्लेट तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. किती दाब द्यायचा, कोणता संच कधी आवळायचा आणि लॉक-अप कधी लावायचा, हे टीसीएम ठरवतो. त्यासाठी त्याला पॅडल किती दाबलं आहे, इंजिन किती जोर देत आहे, गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग किती आहे आणि तेल किती तापलं आहे, ही माहिती लागते.

इंजिन बदललं की गडबड कुठे होते?

याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे पेट्रोल इंजिनाच्या जुन्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन बसवणारे हौशी बरेच आहेत. कमिन्स हे नाव महाराष्ट्राला नवं नाही. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तर टाटा कमिन्सचा कारखाना फलटणला आहे. त्या ५.९ लिटर इंजिनाच्या 'बी' मालिकेतली इंजिनं टाटाच्या ट्रकमध्येही आली.

या इंजिनामागे जनरल मोटर्सचा '४एल८०ई' हा चार गिअरचा गिअरबॉक्स बऱ्याचदा जोडला जातो. १९९१ पासून आलेला हा गिअरबॉक्स दणकट आणि संगणकावर चालणारा आहे. मूळ संगणक मात्र पेट्रोल इंजिनासाठी शिकवलेला असतो. तिथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण फेऱ्यांची. पेट्रोल इंजिनासाठी 'पूर्ण पॅडलला ४,५०० फेऱ्यांवर वरचा गिअर टाक' असं लिहिलेलं असेल आणि डिझेल इंजिनाचा गव्हर्नर २,८०० ला अडवत असेल, तर तो क्षण येतच नाही. इंजिन २,८०० वर ओरडत राहतं आणि गिअर पडत नाही.

दुसरी अडचण जोराच्या अंदाजाची. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांनाच भरपूर जोर देतं. संगणकाला ते कळलं नाही तर तो प्लेटवर कमी दाब देतो, प्लेट घसरतात आणि जळतात.

तिसरी अडचण संवादाची. नव्या गाड्यांत गिअर बदलताना टीसीएम इंजिनाला क्षणभर जोर कमी करायला सांगतो. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला संगणकच नसतो, मग ही विनंती ऐकणार कोण? अशा इंजिनात पॅडलची स्थिती सांगणारा सेन्सरही पंपाच्या लिव्हरवर वेगळा बसवावा लागतो.

यावर उपाय म्हणजे स्वतंत्र टीसीएम लावणं किंवा मूळ टीसीएममधले तक्ते बदलणं.

कोणती सेटिंग काय करते?

*टायर आणि डिफरन्शिअल:* सुरुवात इथून. टायरचा घेर आणि डिफरन्शिअलचं गुणोत्तर चुकीचं भरलं असेल तर संगणकाला गाडीचा खरा वेग कळत नाही आणि पुढचे सगळे तक्ते सरकतात.

*तेलाचा दाब:* ओझं ओढणाऱ्या गाडीत हीच सेटिंग प्लेट वाचवते किंवा जाळते. दाब कमी असेल तर गिअर लोण्यासारखा पडतो, गाडी छान चालते असं वाटतं आणि आत प्लेट घासत असतात. दाब फार जास्त असेल तर प्रत्येक गिअरला धक्का बसतो. ओझ्यासाठी थोडा घट्ट, चटकन पडणारा गिअर चांगला. '४एल८०ई'मध्ये एक सोय आहे: वायर तुटून वीज गेली तर दाब आपोआप कमाल होतो आणि गाडी दुसऱ्या गिअरवर राहते. धक्के बसतात, पण घरी पोहोचता येतं.

*वरचा गिअर कधी टाकायचा:* या गिअरबॉक्सची गुणोत्तरं २.४८, १.४८, १.०० आणि ०.७५ अशी आहेत. २,६०० फेऱ्यांना पहिल्यातून दुसऱ्यात गेलं तर फेऱ्या सुमारे १,५५० वर उतरतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं तर १,७५० च्या आसपास, आणि तिसऱ्यातून चौथ्यात गेलं तर १,९५०. गिअर पडल्यावर इंजिन ज्या फेऱ्यांवर उतरतं, तिथे टर्बोचा जोर तयार हवा. तो नसेल तर चढावर गाडी बसते.

*वर-खाली यांतलं अंतर:* चढावर गिअर सारखा तिसरा-चौथा, तिसरा-चौथा होतो, ही अशा गाड्यांची नेहमीची तक्रार. समजा, २,१०० फेऱ्यांना तिसऱ्यातून चौथा पडतो. चौथ्यात फेऱ्या १,५७५ होतात. आणि १,५०० ला पुन्हा तिसरा टाकायचं ठरलेलं आहे. मधे फक्त ७५ फेऱ्यांची जागा राहिली. ओझं असताना एवढा वेग दोन-चार सेकंदांत घटतो. चौथा गिअर २,४०० ला टाकायला सांगितलं तर तो १,८०० वर उतरेल आणि मधे ३०० फेऱ्या मिळतील. म्हणून ओझ्याचा तक्ता वेगळा ठेवतात आणि तो बटणाने चालू करतात. कंपनीच्या गाड्यांतला 'टो' किंवा 'हॉल' मोड म्हणजे असाच दुसरा तक्ता.

*लॉक-अप:* १०० अश्वशक्ती कन्व्हर्टरमधून जात असताना दोन बाजूंच्या वेगात १० टक्के फरक असेल, तर सुमारे १० अश्वशक्तीची उष्णता होते. म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट, दीड किलोवॅटच्या पाच शेगड्या तेलात सतत चालू ठेवल्यासारखं. म्हणून चढावर लॉक-अप लवकर लावणं आणि पॅडल थोडं दाबलं की लगेच न सोडणं फायद्याचं. पण फार कमी फेऱ्यांना तो लावला तर डिझेलचे झटके थेट गिअरबॉक्समध्ये जातात आणि गाडी थरथरते.

*उतारावरची मर्यादा:* उताराला खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग आवरायचा, हे बरोबर. पण चौथ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्या असताना थेट दुसरा टाकला तर इंजिन सुमारे ३,९५० वर जाईल. इथे गव्हर्नर कामाचा नाही. तो फक्त डिझेल तोडतो, चाकं इंजिनाला फिरवत असतील तर त्यांना थांबवू शकत नाही. इंजिन कायमचं निकामी होऊ शकतं. म्हणून प्रत्येक गिअरसाठी 'या वेगाच्या वर खाली यायचं नाही' अशी मर्यादा भरावीच लागते. डिझेल इंजिनाचा स्वतःचा रोखणारा जोर कमी असतो, तेव्हा एक्झॉस्ट ब्रेक असेल तर लॉक-अप उतारावरही चालू ठेवतात.

*तापमान:* ८० ते ९५ अंश सेल्सिअस हे तेलाचं चांगलं तापमान. त्यापुढे दर १० अंशांना तेलाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. १२० च्या पुढे गाडी बाजूला घेणं शहाणपणाचं. त्याआधीच चौथा गिअर बंद करणं आणि लॉक-अप लावणं, हे संगणकाला सांगून ठेवता येतं.

जुळवणी कोणत्या क्रमाने करायची?

१. आधी यांत्रिक बाजू: तेलाची पातळी, तेलाचा कूलर, वायरिंग आणि अर्थिंग.
२. मूळ फाइल जपून ठेवायची.
३. रिकाम्या गाडीवर टायर, वेग आणि दाब तपासायचे.
४. अर्धं ओझं लावून फेऱ्या, घसरण आणि तापमान नोंदवायचं.
५. पूर्ण ओझं सर्वात शेवटी, आणि तेही रहदारी नसलेल्या रस्त्यावर.

एका वेळी एकच सेटिंग बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. वास, काळसर तेल किंवा गिअर पडताना इंजिनाच्या फेऱ्या उसळणं, हे प्लेट घसरत असल्याचं लक्षण. तिथे आधी थांबायचं, कारण जळलेल्या प्लेट सेटिंगने बऱ्या होत नाहीत.

सेटिंगने न सुटणारे प्रश्न

ओढता येणं आणि थांबवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक ऊस ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं ओझं पुढच्या वाहनाच्या ब्रेकवर येतं. गिअरबॉक्स कितीही नीट जुळवला तरी ब्रेक, चासी, हूक आणि टायर यांची मूळ क्षमता वाढत नाही. चढावर जोर लावताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात ती हुकाची उंची आणि वजनाची वाटणी यांमुळे. त्यावर संगणकाकडे औषध नाही. रात्री मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली तर उभी असतानाही घातक ठरते.

भारतात कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. परवानगी न घेता इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे आरटीओला कळवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्यामुळे अमेरिकेतल्यासारखी वेगळ्याच जातीच्या इंजिनाची अदलाबदल इथल्या सार्वजनिक रस्त्यावर आपोआप वैध ठरत नाही. इंजिन क्रमांक नोंदणीशी जुळला नाही तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. इंजिन उतरवण्याआधी आरटीओत विचारून घेणं हीच या कामाची पहिली पायरी.

थोडक्यात

टीसीएमची जुळवणी म्हणजे ताकद वाढवणं नाही. अनुभवी चालक जे आवाजावरून ओळखतो, ते नव्या इंजिनाच्या हिशोबाने आकड्यांत लिहून देणं आहे: कुठे खालचा गिअर धरून ठेवायचा, कुठे घट्ट पकडायचं, कुठे तेल तापू द्यायचं नाही आणि उताराला कुठला गिअर टाकायचाच नाही.