रीलचं घराणं

खोल जाणारा ल्युअर, म्हणजे आमिष म्हणून वापरायचा नकली मासा, घेताना बहुतेकजण त्याचा रंग पाहतात. आधी पाहायला हवा तो ओठ, म्हणजे त्याच्या तोंडापुढे आलेली ती पारदर्शक पट्टी. दोर ओढला की पाणी या पट्टीवर आदळतं, नाक खाली दाबलं जातं आणि मासा अंग हलवत बुडायला लागतो. पट्टी लांब आणि अंगाच्या सरळ रेषेत असेल तर तो खोल जातो. आखूड आणि खाली वळलेली असेल तर वरच्याच थरात राहतो. ओठावर येणारा पाण्याचा हा दाब दोरातून थेट रॉडवर, दोर गुंडाळणाऱ्या रीलच्या दात्यांवर आणि मनगटावर उतरतो, आणि तोही मासा लागायच्या आधीच. म्हणून खोल ल्युअरसाठी रील आणि रॉड निवडायचा म्हणजे ही ओढ दिवसभर कोण सोसेल, ते ठरवायचं.

या ओठवाल्या माशाचा आज जगभर चालणारा साचा फिनलंडचा. लाकडी नकली मासे अमेरिकेत त्याआधीपासून विकले जात होते, पण लाउरी रापालाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो हौशी नव्हता, पोटासाठी मासेमारी करणारा होता. शेकडो गळांच्या लांब दोराला रोज जिवंत आमिष लावायचं, तर आधी ते आमिष पकडायचं, यातच त्याचा वेळ जाई. मोठा मासा थव्यातल्या नेमक्या डगमगत्या, अधू पिल्लावर तुटून पडतो, हे त्याने पाण्यात पाहिलं. १९३६ साली त्याने चांभाराच्या सुरीने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप चढवला. डगमग हवी तशी जमेपर्यंत तो कोरत राहिला. आपल्या कोकणातल्या बुरोंडी-हर्णैच्या बंदरावरच्या माणसाला ही गोष्ट सांगितली तर तो तिच्याकडे परक्याची म्हणून पाहणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

गळ टाकण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. दोर, काठी, गळ, आणि कोणत्या माशाला कोणतं आमिष, याचा राजाने तपशिलाने विचार केला आहे. मराठीच्या जुन्या खुणा शोधणारे ज्या ग्रंथाकडे जातात तो हाच. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं. आपल्या या प्रकरणाचं शाळेत नावही निघत नाही, याची खंत वाटते.

रीलचं सर्वांत जुनं चित्र मात्र चीनचं. मा युआन या चित्रकाराने बाराव्या शतकाच्या अखेरीस थंडीतल्या तळ्यावर एकटा बसलेला गळकरी काढला, त्याच्या काठीला चक्र आहे. इंग्लंडमध्ये अशा चक्राचा उल्लेख १६५१ मध्ये टॉमस बार्करच्या पुस्तकात येतो. ही चक्रं साधी होती. मूठ एकदा फिरवली की फिरकी एकदाच फिरायची.

पुढे घराणं दुभंगलं. एक शाखा घड्याळजींची. केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने १८१० नंतरच्या काळात रीलमध्ये दातेरी चाकं बसवली. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकी अनेक फेरे घेऊ लागली. हेच मल्टिप्लायर रील. पुढे अशी रीलं बनवणारी स्वीडनची आबू ही कंपनीही १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणूनच सुरू झाली होती. दुसरी शाखा गिरणीची. ब्रॅडफर्डचा लोकरगिरणी-मालक आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये स्थिर फिरकीच्या रीलचं पेटंट घेतलं. गिरणीत बॉबिन न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटत जातं, तसा दोर सुटला तर हलकं आमिषही लांब जाईल, ही त्याची कल्पना. आज आपण ज्याला स्पिनिंग रील म्हणतो ते हेच.

दोन्ही शाखांचे गुण-दोष अजून रक्तात आहेत. स्पिनिंग रीलवर हलका ल्युअर लांब जातो, फेकायला शिकणं सोपं असतं, पण दोर गुंडाळताना काटकोनात वळतो आणि ती ओढ दात्यांना सोसावी लागते. मल्टिप्लायरमध्ये दोर सरळ फिरकीवर येतो, म्हणून जड ओढीला ते खंबीर. खोल ल्युअरला वेगापेक्षा ताकद लागते. गिअरचं प्रमाण ५:१ च्या आसपास असलेलं रील घ्यावं. ६ किंवा ७:१ चं रील दोर भराभर गोळा करतं, पण ओठाचा दाब हाताला थकवतो.

रॉडच्या कुळात बांबू आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याहून गेलेल्या बांबूच्या चिरफळ्या जोडून विलायतेत आणि अमेरिकेत उत्तम रॉड होत. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला, १९७० च्या दशकात कार्बन. कार्बन हलका आणि ताठ. खोल ल्युअरला मात्र थोडं काचतंतूचं मऊपण असलेला, ७ ते ८ फुटांचा, मधोमध वाकणारा रॉड माझ्या मते बरा. ताठ रॉडने झटका दिला की तीन काट्यांचा गळ माशाच्या तोंडातून फाटून निघतो.

आता बुरोंडी. लाडघर आणि कोळथरे यांच्यामधल्या या किनाऱ्यावर समुद्राचा तळ हळूहळू उतरत जातो. त्यामुळे खडकावरून फेकताना सर्वांत लांब ओठाचा ल्युअर बहुतेक वेळा तळालाच घासतो. तेही अगदी वाईट नाही: ओठ आधी आपटतो, गळ मागे राहतात, आणि तरंगणारा ल्युअर असेल तर गुंडाळणं थांबवताच तो वर येऊन सुटतो. सर्वांत खोल जाणारे ल्युअर होडीसाठी, पावसाळी बंदी उठल्यावर चालत्या होडीमागे सुरमईसाठी सोडायला. तिथे मल्टिप्लायर. खडकावर मध्यम खोलीचा ल्युअर आणि मजबूत स्पिनिंग रील. विणलेला दोर बारीक असल्याने पाणी कापतो आणि ल्युअर जास्त खोल जातो, पण कालवांनी भरलेला खडक त्याला क्षणात चिरतो. म्हणून टोकाला जाड नायलॉनच्या दोराचा तुकडा बांधावा.

राहिला रीलचा ब्रेक. कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटाच्या पाण्यात विल्यम बॉशेनने १९१३ मध्ये रॉड-रीलवर तलवार मासा पकडला, तो चकत्यांच्या नव्या ब्रेकमुळे. मासा धावला तर दोर तुटण्याऐवजी ताणाखाली सुटत जातो. दोराच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ब्रेक लावायचा, असा ठोकताळा आहे. उघड्या पाण्यातल्या सुरमईला तो पुरतो. खडकातल्या तांबोशीसाठी ब्रेक याहून घट्ट लावावा लागतो, कारण ती गळाला लागल्याबरोबर कपारीकडेच धावते.