‘आधी दोन किलो पाठवा’: छोट्या ऑर्डरला नाही म्हणावं का?

समजा, वाशिंदमध्ये फराळ बनवणाऱ्या एका बचत गटाला ठाण्याच्या दुकानदाराचा फोन आला. ‘ताई, आधी दोन किलो चकली पाठवा. खपली तर पुढचं बघू.’ गटात लगेच दोन मतं पडणार. एवढ्याशासाठी कढई कोण चढवणार, असं एकीचं म्हणणं. दुसरीचं म्हणणं, पाठवून तर बघू.

हिशोब पहिलीच्या बाजूने आहे. भाजणी, तेल, गॅस धरून चकली किलोला २२० रुपयांना पडली आणि ३०० रुपयांनी विकली, तर दोन किलोवर सुटले १६० रुपये. त्यातून पॅकिंग, ठाण्याला जाणं-येणं आणि अर्ध्या दिवसाची मेहनत वजा केली की पदरचेच पैसे जातात. पण तोच दुकानदार दर आठवड्याला १० किलो घेऊ लागला, तर ८०० रुपये सुटतात आणि ठाण्याची खेप तेवढीच एक.

दुकानदार एवढंसंच का मागतो?

त्याच्यासाठी ही स्वस्तातली परीक्षा असते. माल सांगितलेल्या दिवशी आला का, वजन भरलं का, चकली चार दिवसांनी मऊ पडली का, हे त्याला दोन किलोत कळतं. अनोळखी माणसाकडून थेट ५० किलो घेतले आणि गिऱ्हाईकांनी नाकं मुरडली, तर नुकसान त्याचं. कारखान्यांतही नव्या पुरवठादाराकडून आधी सॅम्पल, मग छोटा लॉट घेतात.

वाशिंदला एक सोय जुनी आहे. कल्याणच्या पुढे रेल्वे १ ऑक्टोबर १८५५ रोजी इथवर आली. आज ठाणं लोकलने साधारण तासाभरावर आहे, त्यामुळे दोन किलोसाठी टेम्पो करावा लागत नाही. पिशवी घेऊन गाडीत बसलं की झालं.

चार पाकिटांची गोष्ट

छोट्या विक्रीतून धंदा कसा उभा राहतो, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे लिज्जत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि इतर सहा जणी गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली.

सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत. एक चांगली, दुसरी स्वस्त. पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. हिशेबही चोख ठेवायला लावला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती, तीही पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवून. पुढच्या वर्षी खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशी तोड काढली. जसवंतीबेन यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यातला एकाच प्रतीचा सल्ला आजही सगळ्यात जास्त मोडला जातो. नमुन्याला घरचं चांगलं तेल आणि ऑर्डर मोठी झाली की स्वस्तातलं, असं केलं तर दुकानदाराने घेतलेली परीक्षाच खोटी ठरते. दुसरी चूक भावाची. ‘पुढे मोठी ऑर्डर देतो’ या आशेवर दोन किलोला ५० किलोचा भाव लावला, की पुढे तोच भाव कायमचा गळ्यात पडतो. दर वजनाप्रमाणे आधीच लिहून दिलेले बरे.

आणि पैसे?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ऑर्डर किती रुपयांची हवी, अशी खालची मर्यादा कायद्यात नाही.

अर्थात ६०० रुपयांसाठी कोणी तक्रार घेऊन जात नाही. म्हणून पहिल्या ऑर्डरचे पैसे माल हातात देतानाच यूपीआयने घ्यावेत आणि उधारीचं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करावं. पहिल्याच दोन किलोला उधारी मागणारा दुकानदार असेल, तर परीक्षा त्याचीही झाली.