पोटाचं दुखणं, कंबरेची बातमी

मनगटावरचं घड्याळ आधी काढून खिशात टाका. इथे ते चालायचं नाही. तुम्ही आसनगाव स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. तारीख २४ जून १९०२, वार मंगळवार. स्टेशनातल्या घड्याळात सहा वाजत आलेत. मुंबईहून आलेला एक व्यापारी डब्यातून उतरतो, कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढतो, तर त्यात साडेपाच. दोन्ही घड्याळं बरोबर आहेत. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालते, मुंबई स्वतःच्या वेळेने, आणि साऱ्या मुलखासाठी एकच वेळ ठरायला अजून साडेतीन वर्षं आहेत.

लंडनमध्ये आत्ता दुपारचे साडेबारा वाजून गेलेत. बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका खोलीत साठ वर्षांच्या एका स्थूल माणसाला गुंगीचं औषध दिलंय आणि सर फ्रेडरिक ट्रीव्हज नावाचे सर्जन त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली चिरा देतायत. टेबलावर आडवा पडलेला हा माणूस म्हणजे सातवा एडवर्ड, इंग्लंडचा राजा आणि हिंदुस्थानचा बादशहा. परवा गुरुवारी त्याचा राज्याभिषेक ठरलाय.

हे तुम्हाला ठाऊक आहे. या फलाटावर दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही. तेव्हा तोंड मिटून उभे राहा.

पाऊस उघडलाय, पण माहुलीचे सुळके ढगातून बाहेर यायला तयार नाहीत. रुळांपलीकडच्या खाचरात राबाची काळी राख भिजून चिखल झालीय आणि त्यातून भाताचं आवण बोटभर वर आलंय. इरलं पाठीवर घेतलेली एक बाई बांधावरून तुमच्याकडे बघते. तुमच्या पायातले बूट तिला पसंत पडलेले दिसत नाहीत. मास्तरांच्या खोलीत तारेचं यंत्र कट्कट् करतं, पण ती मालगाडीची वर्दी. खरी तार दिवेलागणीनंतर येते. मास्तर ती दोनदा वाचतात, टोपी काढतात, पुन्हा घालतात आणि शेजारी उभ्या असलेल्या पोर्टरला इतकंच म्हणतात, ‘राज्याभिषेक पुढे गेला.’

तिथून शहापूर कोसभरावर. बातमी तुमच्या आधी पोचते.

पण शहापुरात शिरण्याआधी मागचे दहा दिवस सांगायला हवेत. १४ जूनला राजा ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीत होता. तिथे त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टर लेकिंग आले, मग बार्लो, मग ट्रीव्हज. उजव्या कुशीत गाठ हाताला लागत होती, ताप चढत-उतरत होता. डॉक्टरांना हे पोटाचं आहे हे कळायला वेळ लागला नाही. बाहेर मात्र सांगितलं गेलं की महाराजांची कंबर धरली आहे. कंबर! पावसाळी हवेत बसल्यामुळे. सोमवारी २३ तारखेला त्याच माणसाला विंडसरहून लंडनला आणून, गाडीत ताठ बसवून, लोकांपुढून नेलं. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी हात टेकले. आपण राज्याभिषेकाला वेस्टमिन्स्टर ॲबेत जाणारच असा राजाचा हट्ट होता. तेव्हा ट्रीव्हजनी सुनावलं म्हणे, की मग तिथे प्रेत म्हणून जाल. शस्त्रक्रिया सुमारे चाळीस मिनिटं चालली. अपेंडिक्सभोवती साठलेला पू काढून टाकला. अपेंडिक्स काढलंच नाही.

म्हणजे कंबरदुखीवर दहा दिवस काढून एका दुपारी एकदम पोट फाडल्याची बातमी. लोकांनी यावर काय म्हणायचं असतं?

चला आता शहापुरात. वटपौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झालेत. पाराच्या वडाला गुंडाळलेलं सूत पावसाने बुंध्याला चिकटलंय. मामलेदार कचेरीतला एक कारकून, किराण्याचा वाणी, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला हवालदार, भटजी, दोन-तीन कुणबी आणि कुणीही न बोलावता येऊन बसलेली एक म्हातारी. पारावरचं बोलणं कुणी दप्तरात लिहून ठेवत नाही, म्हणून मी ऐकवतो तेच धरून चाला.

‘तिथी चुकली,’ भटजी म्हणतात. ‘आपल्या महाराजांचा अभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. ह्यांनी वद्य पक्ष धरला.’

हवालदाराला तिथीशी देणंघेणं नाही. ‘बोअरांची लढाई संपून महिना नाही झाला. तह केला म्हणून काय राग गेला? काहीतरी घातलंय जेवणातून.’

वाणी जयपूरकडे वळतो. माधोसिंग महाराज विलायतेला निघाले तेव्हा सबंध बोट धुऊन घेतली, माणसाएवढे चांदीचे रांजण गंगाजलाने भरून नेले, हे मुंबई बंदरावर पाहिलेल्या माणसाने त्याला सांगितलंय. (ते खरं आहे. बोटीचं नाव ऑलिंपिया आणि रांजण अजून जयपूरच्या राजवाड्यात बघायला मिळतात.) ‘आपल्या राजांनी एवढी गंगा नेली,’ वाणी म्हणतो, ‘थोडी त्याला पाजायची होती.’

एका कुणब्याला वेगळीच काळजी. ‘सोहळा ऱ्हायला तं साऱ्याची सूट बी गेली का?’ सूट मिळणार असं त्याला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. संवत छप्पनच्या दुष्काळाला अजून तीन वर्षं झालेली नाहीत.

म्हातारी एवढा वेळ गप्प असते. मग विचारते, ‘पोट फाडला तं मानूस जगतो कं?’

कारकून घसा साफ करतो. सरकारी तारेत प्रकृती समाधानकारक आहे असं आहे, तो सांगतो. त्यावर सगळे एकमेकांकडे बघतात, आणि हवालदार आवाज खाली आणून म्हणतो, ‘म्हणजे गेला.’

हसू नका. ‘म्हणजे गेला’ या दोन शब्दांमागे बराच अनुभव आहे. याच सरकारने प्लेगच्या साली ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणत घराघरांत सोल्जर घुसवले होते. याच ठाणे जिल्ह्यात १८९२ च्या कायद्याने मोहाची फुलं घरात ठेवणं गुन्हा केलं, म्हणजे दुष्काळात जे उकडून खायचं तेच चोरीचा माल झालं. आणि सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून टिळकांना १८९७ साली दीड वर्षाची शिक्षा ठोठावलेली पारावर सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा सरकार जेव्हा ‘बरं आहे’ म्हणतं तेव्हा ऐकणारा त्याचा उलटा अर्थ लावतो, आणि तो हळू आवाजात लावतो. राजाचं दुखणं दाबून ठेवायची चाल मराठी माणसाला काही विलायतेने शिकवलेली नव्हती. पण थोरले माधवराव थेऊरला क्षयाने खंगत गेले, १७७२ च्या नोव्हेंबरात गेले, त्या वेळी निदान पेशव्यांची कंबर दुखते असं कुणी जाहीर केलं नव्हतं.

तुमच्या खिशातल्या फोनची आठवण झाली ना? १७ जानेवारी २०२४ ला राजकुमारी केट यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाल्याचं केन्सिंग्टन राजवाड्याने सांगितलं, ईस्टरपर्यंत दिसणार नाहीत म्हणाले, आणि गप्प बसले. १० मार्चला मुलांसोबतचा फोटो दिला, तर त्यात फेरफार आहे म्हणून वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला. तेव्हा याच आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्येही लोक अंगठ्याने स्क्रीन सरकवत हवालदाराचीच वाक्यं वाचत होते. २२ मार्चला त्या बाईंना स्वतः बाकावर बसून, कॅमेऱ्याकडे बघत, कॅन्सर आहे म्हणून सांगावं लागलं. मला विचाराल तर आजारी माणसाला आपलं दुखणं झाकून ठेवायचा पूर्ण हक्क आहे. गप्प बसायचा हक्क मी मानतो. फोटो जोडून देण्याचा आणि पोटाला कंबर म्हणण्याचा मानत नाही.

बुधवारी सकाळी तुम्ही मुरबाडला निघा. तिकडे रेल्वे नाही, पायीच जायचं. सापगावला भातसा गढूळ होऊन वाहतेय. होडीवाला पैसे आधी घेतो. सोबत एक बैलांचा दलाल आहे, म्हशाच्या यात्रेपासून मुरबाडकडच्या दोन कुणब्यांकडे त्याची बाकी अडकलीय. त्याने शहापूरची बातमी बरोबर घेतलीय आणि वाटेत भेटेल त्याला तो ती देतो. सापगावला राजा अत्यवस्थ असतो. किन्हवलीला पोचेपर्यंत तो वारलेला असतो.

किन्हवलीच्या अलीकडे एका घराच्या ओटीवर गर्दी दिसते म्हणून थांबता. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा गुडघे पोटाशी घेऊन पडलाय. उजवा पाय सरळ करवत नाही त्याला. एक जाणता माणूस दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरतो; तेल फसफसून वर आलं की दाभण बेंबीच्या उजव्या अंगाला टेकवतो, उचलतो, पुन्हा टेकवतो. चर्र होतं. पोरगा ओरडत नाही, फक्त भिंतीवरच्या सारवणात नखं रोवतो. पोटावर काळ्या ठिपक्यांची ओळ उठते. आई दारात उभी राहून विचारते, ‘उतरंल ना?’

जागा तीच आहे. काल ट्रीव्हजनी जिथे सुरी लावली, तीच. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक लॉर्ड लिस्टर सल्ल्याला असणं हा फरक खरा. पण फार हळहळायच्या आधी हेही ऐका, की दोन वर्षांपूर्वी, १९०० साली, ट्रीव्हज यांची स्वतःची मुलगी याच दुखण्याने गेली होती, आणि लंडनमध्ये राहणाऱ्या, हे दुखणं ज्याचा खास विषय त्या बापाला तिला वाचवता आलं नाही. पोट उघडून माणूस जगतो का, हा म्हातारीचा प्रश्न अडाणी नव्हता. त्या साली लंडनचे डॉक्टरही तो एकमेकांना विचारत होते.

काळू उतरून तुम्ही मुरबाडात शिरता तो गुरुवार उजाडलेला. २६ जून. आजच व्हायचा होता तो सोहळा. देवळाच्या ओट्यावर दलाल आपली बातमी उतरवतो: राजा गेला, लपवून ठेवलंय. पण मुरबाडला टपाल कल्याणवरून येतं, आणि त्या वाटेने दुसरी बातमी येऊन बसलीय: राजा शुद्धीवर आहे, दुसऱ्याच दिवशी उशीला टेकून बसला आणि चिरूट ओढला. दोन्ही बातम्या समोरासमोर येतात. मुरबाडकर थोडा वेळ विचार करतात आणि दलालाची निवडतात. पोट फाडल्यावर दुसऱ्या दिवशी चिरूट? थापेला काही सुमार!

चिरुटाची बातमी खरी होती.

छापील खुलाशाची वाट बघायची तर ‘केसरी’ मंगळवारी निघतो. या मंगळवारचा अंक तार येण्याआधीच छापलेला. पुढचा १ जुलैला. तोवर पाच दिवस आणि मुरबाड तालुक्यातली गावं दलालाला मोकळी.

तुम्हाला एवढं थांबायचं नसेल तर पुढचं भराभर बघून घ्या. राजवाड्याच्या फाटकावर रोज प्रकृतीचं पत्रक लागतं आणि लंडनकर ते वाचायला रांगा लावतात. मेजवानीसाठी शिजवलेली पक्वान्नं आणि लाव्हे पक्षी व्हाइटचॅपलच्या गरिबांत वाटले जातात. मिरवणूक बघायला लोकांनी खिडक्या भाड्याने घेतलेल्या, त्या पैशांचं काय? पॉल मॉलवरचं एक बिऱ्हाड हेन्री नावाच्या माणसाने दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवलं होतं, २५ आगाऊ दिले होते. मालक क्रेल बाकीचे ५० मागायला कोर्टात गेला आणि १९०३ साली हरला: मिरवणूकच नाही तर करार कसला! ठाण्या-कल्याणात कायदा शिकणारी पोरं करार कायद्याचं ५६ वं कलम पाठ करताना अजून हा खटला वाचतात. राजाच्या पोटातला पू त्यांच्या परीक्षेला येतो.

आणि सोहळ्यासाठी गेलेले आपले राजे तिकडेच अडकले. त्यांत कोल्हापूरचे शाहू महाराजही होते. महाराज विलायतेत असतानाच २६ जुलै १९०२ ला करवीर गॅझेटात तो जाहीरनामा निघाला: मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा. त्या उन्हाळ्यातल्या साऱ्या लंडनच्या बातम्यांपेक्षा पारावर बसलेल्यांच्या नातवंडांना तो कागद अधिक उपयोगी पडला. पण पारावर त्याची चर्चा झाली असेल असं मला वाटत नाही. पोट फाडलेलं नव्हतं ना त्यात कुणाचं.

९ ऑगस्टला, नागपंचमीच्या सुमाराला, राज्याभिषेक झाला. ऐंशी वर्षांच्या आर्चबिशपांचे हात थरथरत होते. त्यांनी मुकुट उलटा, मागची बाजू पुढे करून ठेवला. शहापूर-मुरबाडच्या बाजारात मात्र राजा मेल्याची शंका लगेच गेली नाही. हातात येणारा रुपया अजून राणीछापच होता. १९०३ पासून एडवर्डचा रुपया निघाला, त्यावर राजाचं डोकं उघडं, मुकुटाशिवाय. हवालदाराला तेवढं पुरलं असणार.

एडवर्ड पुढे आठ वर्षं जगला, तेच अपेंडिक्स पोटात घेऊन. १९१० साली तो पुन्हा आजारी पडला, या वेळी छातीने. राजा आजारी असल्याचं राजवाड्याचं पहिलं पत्रक ५ मेच्या संध्याकाळी निघालं. ६ मेच्या रात्री तो वारला.