हाली आणि कलदार: पाटोद्याच्या हद्दीवरील नाणी आणि त्यांचा संग्रह

पाटोदा तालुका बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, बालाघाटाच्या पठारावर आहे. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते आणि सौताड्याचा धबधबा मागे टाकला की जामखेडची हद्द लागते. आज ही दोन जिल्ह्यांची सीमा आहे. १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची सीमा होती. पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तर जामखेड इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात. जामखेडच्या बाजूला तर इंग्रजी आणि मोगलाई, म्हणजे निजामाच्या, गावांची सरमिसळच होती. कायदा वेगळा, करोडगिरीची, म्हणजे जकातीची नाकी वेगळी आणि चलनही वेगळे. बैल, धान्य, कापड यांची ने-आण मात्र हद्द ओलांडून चालूच राहिली. म्हणून या भागातील नाण्यांचा इतिहास एका राजाच्या टांकसाळीचा इतिहास सांगून पुरा होत नाही. दोन नाणी एकाच बाजारात कशी चालली, हे सांगावे लागते.

त्याआधीचा काळ लांबलचक आहे. पैठण आणि तेर ही सातवाहनांची मोठी व्यापारी केंद्रे मराठवाड्यातलीच, आणि त्यांची शिशाची, तांब्याची व पोटीनची नाणी या पट्ट्यात फिरत. पुढे देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंक, बहमनी आणि अहमदनगरच्या निजामशाहीचे तांब्याचे फलूस, मग मोगलांचा रुपया असा क्रम लागतो. मोगलांची औरंगाबादची टांकसाळ नाण्यांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ या बिरुदाने ओळखली जाते.

मराठेशाहीच्या खुणा इथे जवळच्या आहेत. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती जामखेड तालुक्यातील खर्ड्याला. त्या काळी या भागात पुण्याकडचा अंकुशी रुपया, नाशिककडचा चांदवडी रुपया आणि निजामाच्या मुलखातले रुपये एकमेकांत मिसळून चालत. चांदीच्या नाण्यांचा कस टांकसाळीगणिक बदले, त्यामुळे प्रत्येक व्यवहारात सराफ बट्टा कापून घेई. सामान्य माणसाच्या हाताशी असे ते तांब्याचे नाणे, शिवराई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास ती सुरू केली आणि महाराजांच्या नंतरही पिढ्यान्‌पिढ्या त्याच अक्षरांनी ठिकठिकाणी ती पाडली गेली. अक्षराची वळणे, मधली रेघ, बिंदूंची कड, चंद्र-सूर्य अशा चिन्हांवरून अभ्यासक तिचे प्रकार लावतात. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा प्रकार. शिवराईवर सहसा सालही नसते आणि टांकसाळीचे नावही नसते. ती कोणत्या गावात मिळाली, हीच तिची बरीचशी ओळख.

निजामाच्या नाण्यांनी खरे वळण घेतले ते १८५७ नंतर. तोवर हैदराबादचे रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत होते. बहादूरशहा पदच्युत झाल्यावर दिवाण पहिला सालारजंग याच्या कारभारात नाण्यांवर बादशहाऐवजी आसफजाहचे नाव आले. सोबत ९२ हा आकडा आला. अरबी-फारसी अक्षरांना ठरलेल्या संख्या असतात आणि ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांची बेरीज ९२ होते. या नव्या चलनाला ‘हाली सिक्का’ म्हणत. इंग्रजी रुपयाला पाटोद्याकडे ‘कलदार’. हाली सुरुवातीला हाताने, घणाच्या घावाने पाडत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यंत्रावर पाडलेले ‘चरखी’ नाणे आले, आणि १९०३ मध्ये हैदराबादेत सैफाबादची नवी टांकसाळ उभी राहिल्यावर चारमिनाराचे चित्र असलेली नाणी सुरू झाली.

चारमिनारी रुपया हातात घेऊन नीट पाहण्यासारखा आहे. एका बाजूला मध्यभागी चारमिनार, भोवती ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर’ हे बिरुद, शिवाय ९२ आणि हिजरी साल. चारमिनाराच्या मधल्या कमानीत एक बारीक अक्षर कोरलेले असते. ते ‘मीम’ असेल तर नाणे सहावा निजाम मीर महबूब अली खान याचे. ‘ऐन’ असेल तर सातव्या, मीर उस्मान अली खान याचे. उस्मान अली गादीवर आला ऑगस्ट १९११ मध्ये, म्हणजे हिजरी १३२९ साली. त्या सालचे ‘ऐन’ असलेले रुपये त्याच्या राज्याच्या पहिल्याच महिन्यांतले. दुसऱ्या बाजूला मधे ‘एक रुपया’, भोवती राज्यवर्ष आणि ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टांकसाळीचे नाव. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास हाती येतो: १३३० चे १९१२. नाण्यावरची सारी अक्षरे फारसी वळणाची. मराठी शेतकरी ती वाचत नव्हता. तो चित्र, आकार आणि वजन ओळखत होता. उस्मान अलीच्या काळातला निकेलचा आणि पुढे ब्राँझचा चौकोनी आणा, किंवा मधे भोक असलेली दोन पै, ही नाणी तर अंधारातही बोटांना कळत.

हाली आणि कलदार यांचा बाजारातला संबंध मात्र वजनावर आणि कसावर ठरलेला होता. इंग्रजांच्या १८३५ च्या कायद्याने त्यांचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा झाला आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात शेकडा ८१.८ चांदी. शुद्ध चांदीचा हिशोब केला तर कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम आणि हालीत ९.१४ ग्रॅम. हे प्रमाण जवळजवळ सातास सहा असे पडते, आणि सरकारी दरही तोच स्थिरावला: १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सात हाली, सहा कलदार. निजामाच्या रुपयाची किंमत पाटोद्याच्या सराफाने ठरवली नव्हती, हैदराबादच्या हुकमानेही नुसती ठरली नव्हती; ती आत पडलेल्या चांदीतून आली होती.

या दराचा बाजारातला चटका लहान माणसाला बसे. कलदार देऊन हाली घ्यायचा तर हिशोब स्वच्छ जमतो: एक कलदार म्हणजे १ रुपया २ आणे ८ पै हाली. उलट बाजूने पाहिले तर एका हालीचे १३ आणे ८ पै आणि वर पैचे चार सप्तमांश कलदार होतात. हा अपूर्णांक कुठल्याच नाण्यात देता येत नाही. सत्तर हालीला बैल घेणाऱ्यासाठी साठ कलदार हा सरळ हिशोब. पण जामखेडच्या बाजारात दोन-तीन हाली मोडून मीठमिरची घेणाऱ्या बाईचा प्रत्येक वेळी पैचा तुकडा सुटे, आणि तो सुटे तो मोडणाऱ्याच्या गल्ल्यात. त्यावर बट्टा वेगळा. शेतसारा निजामाच्या तिजोरीत हालीत भरायचा आणि नगरकडच्या व्यापाऱ्याकडून माल कलदारात घ्यायचा, अशा दुहेरी ओढीत हद्दीवरचे गाव सापडे. गावगाड्याच्या आर्थिक इतिहासात या सीमेवरच्या नाणेबदलीचा विचार फार कमी झाला आहे, आणि तो व्हायला हवा.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली तेव्हा हैदराबादने १९१८ च्या कायद्याने कागदी नोटा काढल्या. आधी दहा आणि शंभरच्या, १९१९ मध्ये एक आणि पाचच्या, १९२६ मध्ये हजाराची. नाशिकचा सरकारी छापखाना सुरू झाल्यावर त्या तिथे छापल्या जाऊ लागल्या. नोटेवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कन्नडमध्येही रक्कम लिहिलेली असे. नाण्यावर कधी न आलेली मराठी अक्षरे निजामाच्या चलनावर आली ती अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी पुन्हा आटली. इंग्रजांनी १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि हैदराबादनेही लवकरच तेच केले. लोकांनी जुने, चांगल्या कसाचे रुपये पेटीत टाकले आणि नवे बाजारात दिले. आज घराघरांत १९४० पूर्वीचे चारमिनारी रुपये निघतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले, पण चलन एका दिवसात बदलले नाही. हिजरी १३६८ हे साल ३ नोव्हेंबर १९४८ च्या सुमारास सुरू होते, आणि त्या सालाचे निजामाचे लहान नाणे मिळते. १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या जोडीने आला, दर तोच, सातास सहा. १९५१ मध्ये हाली काढणे थांबले. हाली पूर्णपणे रद्द झाला तो १९५९ मध्ये. मधेच १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. एका दशकात पाटोद्याच्या माणसाने राज्य, प्रांत, रुपया आणि रुपयाचे मोजमाप, चारही बदलताना पाहिले.

चलनातून गेलेली ही नाणी तीन वाटांनी उरली. काही देवघरात लक्ष्मीपूजनाच्या डब्यात राहिली. काहींना कडी डाखून त्यांचे हार झाले. तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असत. आणि फार मोठा भाग सोनाराच्या मुशीत गेला, कुलदैवताचे टाक, जोडवी, वाळे होऊन. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षांत घरातली चांदी आधी मोडली जाते, आणि मोडलेल्या चांदीवर कोणतेही साल उरत नाही.

आज अशा घरगुती संचाचे छायाचित्र काढून ते इंटरनेटवर मांडणे मोबाइलमुळे सोपे झाले आहे. नाणी जमवणारे ‘न्युमिस्टा’ या संकेतस्थळावर आपला संग्रह नोंदवतात. पौर्वात्य नाण्यांसाठी ‘झेनो’ हा मोठा सार्वजनिक साठा आहे. अभ्यासाच्या बाजूने महाराष्ट्राची परंपरा चांगली आहे: नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि नाणेसंग्रहालय आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. मांडणीची पद्धतही ठरलेली आहे. दोन्ही बाजूंचे चित्र तिरक्या उजेडात, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात; वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत; व्यास मिलिमीटरमध्ये; धातू, साल, राज्यवर्ष. नाणे चिंच किंवा पावडर लावून घासू नये. घासल्याने वरचा थर आणि बारीक रेषा कायमच्या जातात, आणि ‘ऐन’ की ‘मीम’ हे ठरवणारे अक्षर त्यांतच असते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांबे हिरवे पडते, म्हणून ते टाळावे. बनावट होन आणि प्राचीन म्हणून विकले जाणारे रामटंके बाजारात खूप आहेत, तेव्हा वजन आणि कड तपासल्याशिवाय काही मांडू नये.

कायद्याची चौकटही माहीत असावी. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. महबूब अलीचे सगळे रुपये आता या मर्यादेत आलेले आहेत.

अशा मांडणीत बहुतेक संग्राहक नाण्याची दुर्मिळता आणि बाजारभाव पुढे ठेवतात. कडी डाखलेला, भोक पाडलेला रुपया तर ‘खराब’ म्हणून बाजूला जातो. इतिहासाच्या दृष्टीने ही उलटी गणती आहे. प्रत्येक चारमिनारी रुपयावर टांकसाळ हैदराबादच असते. तो पाटोद्याच्या बाजारात चालला की बिदरच्या, हे नाणे स्वतः सांगत नाही. शिवराई तर टांकसाळसुद्धा सांगत नाही. हे सांगू शकते ते फक्त नाणे ज्या घरातून आले ते घर, आणि कडी असलेला रुपया गळ्यात गेला होता, एवढे तरी नक्की सांगतो. हाली आणि कलदार एकाच डब्यात निघाले, तर तो डबा हद्दीवरच्या व्यापाराचा पुरावा आहे. वेगळे करून भारी नाणे तेवढे विकले की पुरावा संपला.

म्हणून पाटोदा, आष्टी, शिरूर, जामखेड या पट्ट्यात ज्यांच्या घरी अशी नाणी आहेत, त्यांनी ती मांडताना चित्राखाली गाव, घरात ती कशी आली, कोणत्या नाण्यांबरोबर होती आणि घरातली वडीलधारी माणसे त्यांना काय म्हणत, एवढे मराठीत जरूर लिहावे. घराचा पत्ता किंवा माणसांची नावे देण्याची गरज नाही. गावाचे नाव पुरेसे आहे. हालीत मजुरी घेतलेली पिढी आता फार थोडी उरली आहे, तेव्हा ही विचारपूस आजच करावी.