जुन्नर-आंबेगावच्या गायन पार्ट्या : एक न लिहिलेला इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कमिटीने आम्हाला जुन्नरच्या लेण्यांवर लेख मागितला होता. लेण्यांवर आम्ही काय लिहिणार? मोठमोठ्या पंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले आहेत. आमचे शिक्षण गिरणीच्या गेटबाहेर, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीवाल्याच्या दुकानात झाले. पण लेण्यांनीच आम्हाला या लेखाचा विषय दिला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जुन्नरच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी असे सगळे धरून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. त्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. हे दान राजांनीच दिले असे नाही. बांबूचे काम करणारे, कासार, धान्य विकणारे अशा साध्या लोकांच्या श्रेणींनी, आजच्या भाषेत युनियनांनीच म्हणा ना, दान दिलेले आहे. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, हे दोन हजार वर्षांमागचे अक्षर आजही वाचता येते. आम्ही पोरांना घेऊन सहलीला गेलो होतो, तेव्हा हे त्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होतो. त्यात एका पोराने विचारले, "काका, दान देणाऱ्याचं नाव आहे, पण ज्यानं छिन्नीनं हा डोंगर फोडला त्याचं नाव कुठं आहे?" आम्ही गप्प झालो. परत येताना एस.टी.त आम्हाला आमच्या जयंतीच्या स्टेजची आठवण झाली. तिथेही तेच चालत आलेले आहे. पाच रुपयांची नोट देणाऱ्याचे नाव माईकवरून तीन वेळा पुकारायचे, आणि ज्याच्या ढोलकीवर ती नोट पडली त्याचे नाव कोणी विचारायचे नाही. म्हणून हा लेख त्या ढोलकीवाल्यांवर.

आमच्या दोन तालुक्यांत जयंती एका दिवसात उरकत नसे. १४ एप्रिलला तालुक्याच्या गावी, जुन्नरला नाहीतर घोडेगाव-मंचरला, मिरवणूक व्हायची. त्यानंतर एकेक वाडी आपापली तारीख धरायची, ते थेट बुद्धपौर्णिमा उलटून जाईपर्यंत. याला कारण होते. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात रजेवर यायचा, आणि वर्गणी त्याच्याकडून यायची. दुसरे कारण म्हणजे गायन पार्ट्या मोजक्या. आज ओतूरच्या बाजूला, उद्या आळेफाट्याकडे, परवा घोड नदीच्या खोऱ्यात, अशी एकच पार्टी पेटी-ढोलकी खांद्यावर मारून फिरत राही. गावोगावची कमिटी एकमेकांत बोलून तारखा लावून घेई. कागदावर कधी छापलेला नसला तरी तो दीड महिन्याचा जलशांचा हंगामच होता. नारायणगावचा तमाशाचा हंगाम गुढीपाडव्याच्या सुमाराला सुरू होतो, त्याला अगदी लागून आमचा.

हे लागून असणे फक्त तारखांचे नव्हते. इथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, काही बांधवांना ती रुचणार नाही.

गायन पार्टीचा वंश सांगायचा तर तो सत्यशोधक जलशापासून सांगावा लागतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याचे लोण जुन्नर तालुक्यात लवकर पोचले. १८८४ साली ओतूरच्या बाळाजी पाटलांनी भटजीवाचून लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला आणि प्रकरण पार मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. एवढी जागृती या मातीत तेव्हा होती. पुढे या समाजाच्या लोकांनी तमाशाचाच साचा उचलून जलसे उभे केले. खेड्यातला माणूस भाषणाला बसत नाही, ढोलकी वाजली की आपोआप बसतो, हे त्यांनी ओळखले होते.

तोच साचा पुढे आंबेडकरी जलशांनी घेतला. १९३० नंतरच्या काळात नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांच्या जलशाने नाव काढले. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखा, अशा अर्थाचे बाबासाहेब म्हणाल्याचे जुने लोक सांगत आले. कर्डकांनी स्वतः १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून निदान त्यांच्या जलशाची माहिती राहिली. तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी आणि मग वग असा क्रम असतो. जलसेवाल्यांनी हा सांगाडा ठेवला आणि आतले मांस बदलले. गणातला गणपती पुढे पुढे गेला आणि बुद्ध-भीमाचे नमन आले. गवळणीतली छेडछाड गेली. बतावणीत सनातनी आणि सुधारक यांची जुगलबंदी आली. वगाच्या जागी पाणवठ्याचा, सावकाराचा, शाळेत न घेतलेल्या पोराचा फार्स आला. लोक हसत हसत बसायचे आणि उठताना गंभीर होऊन उठायचे.

मग १९५६ चे धर्मांतर झाले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. गावकीची कामे आपण आधीपासूनच सोडत आलो होतो. त्यात वाजवण्याचे कामही होते. देवाच्या पालखीपुढे, पाटलाच्या वरातीपुढे, मढ्यापुढे हलगी-डफडे वाजवायचे आणि बदल्यात शिळी भाकरी घ्यायची. ही वेठच होती आणि ती सोडली हे शंभर टक्के बरोबर झाले. पण सोडताना काय झाले? काही गावांत तरुण पोरांनी म्हाताऱ्यांची डफडी फोडली. आमच्या घरातलेही एक फुटले. आमचे आजोबा काही बोलले नाहीत. मात्र पुढे कितीतरी दिवस ते जेवणाच्या ताटावर बोटांनी ठेका धरायचे, आणि आई ताट उचलायला गेली की लाजल्यासारखे हात मागे घ्यायचे. वेठ संपवायची होती ती संपली, पण तिच्याबरोबर त्या माणसाच्या बोटांतली विद्याही आपण अपमानित केली. पंचवीस-तीस वर्षांनी आपल्याच पोरांना ढोलकी शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानात आली.

तेव्हा ढोलकी कुठून आली? नारायणगावहून आली. हेच आम्हाला सांगायचे आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. आजही तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. या गावाचे नाव भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाने महाराष्ट्रभर नेले. भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ साली पंढरपूरला जन्मलेली ही बाई पुढे तमाशाची सम्राज्ञी झाली. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी तिने जवानांपुढे खेळ केले. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी ती वारली, आणि शेवटचे दिवस हलाखीत काढून वारली. शासनाने नंतर तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार काढला, दरवर्षी तो देतात. जिवंतपणी औषधपाण्याला पैसा नाही आणि मेल्यावर नावाने लाखांचा पुरस्कार, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

आमच्या भागातल्या गायन पार्ट्यांना ढोलकीवाला अनेकदा अशा फडांतूनच मिळे. पावसाळ्यात फड बसला की मातंग समाजातला एखादा ढोलकीपटू आमच्या पोरांना हात बसवून देई. जयंतीच्या दिवसांत फडाचा खेळ नसला की रात्री स्वतः येऊन साथही करी. तो बौद्ध नव्हता. त्याला आम्ही जेवायला आपल्या पंगतीत बसवत होतो, एवढे आमचे बरे. पण निवेदनात त्याचे नाव मात्र घेत नव्हतो. 'तमाशातला माणूस' स्टेजवर आहे हे कळले तर चळवळीची बदनामी होईल, अशी भीती वाटायची. ही भीती अगदीच बिनबुडाची होती असेही नाही. बाबासाहेबांनी तमाशातल्या बायकांना नाचवून मिळणारा पैसा चळवळीला नको म्हणून पठ्ठे बापूरावांची मदत नाकारली, अशी आठवण जुने कार्यकर्ते सांगत. या बापूरावांच्या फडातली प्रसिद्ध पवळा शेजारच्या संगमनेर तालुक्यातली, हिवरगाव पावसा गावची. बाबासाहेबांचा रोष बाईला बाजारात उभे करण्यावर होता. तो आम्ही बाईवर आणि ढोलकीवाल्यावर नेऊन ठेवला. यात बाबासाहेबांची चूक नाही, ऐकणाऱ्यांची, म्हणजे आमची आहे.

आता मुंबईकडे वळू, कारण पार्टीचे दुसरे मूळ तिथे आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथला माणूस मुंबईत गिरणीत, गोदीत, नाहीतर डबे पोचवायला लागलेला. गावकीच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. रात्रपाळीचे गेले की रिकाम्या जागेत पेटी निघायची. वामनदादा कर्डकांचे उदाहरण डोळ्यांपुढे होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत आला, मजुरी केली, मोठेपणी अक्षर गिरवायला शिकला आणि १९४३ साली त्याने पहिले गीत लिहिले. मग २००४ साली मरेपर्यंत हजारो गीते लिहिली. त्यांची गाणी छापील पुस्तकातून कमी आणि वह्यांतून जास्त पसरली. एका वहीवरून दुसरीत उतरवताना शब्द बदलायचे, कडवे गळायचे, कधी कोणी आपलेच कडवे घालायचा. नायगावात जन्मलेले विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे गळे आम्ही चाळींच्या मैदानांत ऐकले. उमप तर २०१० साली नागपुरात कार्यक्रमाच्या स्टेजवरच गेले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना परत आत जाणे कधीच जमले नाही. आम्ही तेव्हा शाळकरी, वडील संपात. त्या साली आमच्या गावाकडे जितकी पेटी वाजली तितकी आधी कधी वाजली नसेल. कारण उघड होते. मुंबईतले गाणारे बजावणारे सगळे घरी बसलेले. पोटात काही नाही, पण रात्री मंडपात कोरसला पंधरा माणूस! माळशेज घाट उतरून गेलेली माणसे त्या साली घाट चढून परत आली आणि येताना दुसरे काही नाही, तर हार्मोनियम घेऊन आली. आमच्या भागातल्या निम्म्या पार्ट्या या संपातून जन्मल्या, असे आमचे मत आहे. गिरण्यांवर लिहिणाऱ्यांनी हे कुठे टिपलेले आमच्या तरी वाचनात नाही. पुढे आम्ही स्वतः बदली म्हणून गिरणीत लागलो, तिथल्या खात्यातही डब्याच्या सुट्टीत बॉबिनच्या पेटीवर ठेका धरणारे जुन्नरचेच निघाले.

१९९०-९१ च्या जन्मशताब्दीला सगळ्यात मोठी धमाल झाली. वाडीवाडीत दुरंगी सामना, एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका, सवाल-जवाब उजाडेपर्यंत. गॅसबत्त्या जाऊन हॅलोजन आले होते. त्यानंतर कॅसेट आली, मग कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि शेवटी डीजे. डीजेला शिव्या देण्यात आम्हाला रस नाही. पोरांना नाचायचे असते, नाचू द्या. पण डीजेच्या भिंतीपुढे फार्स होत नाही, सवाल-जवाब होत नाही, आणि समोर बसलेली म्हातारी "बाळा, ते कडवं पुन्हा म्हण" असे सांगू शकत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत जयंती घराघरात झाली. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने ओट्यावर बसून एकट्याने चार गाणी म्हटली. वर्षभरात तो गेला. त्याची वही कुठे आहे म्हणून विचारायला गेलो, तर घरच्यांनी साफसफाईत रद्दीत घातली होती.

आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुनी जोती दिसतात. वहीचे तसे नाही, ती एकदा गेली की कुठल्याच उन्हाळ्यात वर येत नाही.

कमिटीशी आमचे बोलणे झालेले आहे. ज्यांच्या घरी जुनी गाण्याची वही, जयंतीचे हँडबिल, पार्टीचा फोटो किंवा नुसती फुटकी ढोलकी असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात आणावी. वही लगेच परत मिळेल, आम्ही तिचे फक्त फोटो काढून घेऊ. आणि जो वाजवत होता त्याचे नाव, गाव व वाद्य सांगावे. तो आपल्या समाजाचा नसला तरी सांगावे. शंभर पानी रजिस्टर आणून ठेवले आहे. पहिल्या पानावर ताटावर ठेका धरणाऱ्या आमच्या आजोबांचे नाव आहे, आणि त्याखाली त्या ढोलकीवाल्याचे, ज्याचे नाव आम्ही स्टेजवर कधी घेतले नाही.